कंपनीची नऊ मिनिटं

भारतात सगळीकडे एकच वेळ चालते, असं शाळेत शिकवतात. शिकवणाऱ्यांनी महाळुंगे रस्त्यावरची 'सुभद्रा प्रेस पार्ट्स' पाहिलेली नसते. तिथं फाटकाच्या आत पाऊल टाकलं की माणूस एकदम नऊ मिनिटांनी म्हातारा होई. रस्त्यापलीकडच्या टपरीवर अजून पाळी भरायला अवकाश आहे म्हणून निवांत फुंकर मारत चहा पिणारा कामगार, रस्ता ओलांडून आला की लेट मार्क खायचा.

ही नऊ मिनिटं मालक अर्जुनरावांची. चाकणला कारखाने यायच्या आधी त्यांच्या वावरात बटाटा आणि कांदा पिकायचा. पोरं शाळेत वेळेवर जावीत म्हणून त्यांच्या आईनं, सुभद्राबाईंनी, घरातलं घड्याळ पुढे ठेवलं होतं. अर्जुनराव शाळेत वेळेवर गेले की नाही याबद्दल गावात दोन मतं आहेत. पण वावरात शेड उभी राहिली तेव्हा त्यांनी तेच घड्याळ नेऊन फाटकावरच्या केबिनमध्ये टांगलं. "घड्याळ पुढं तर मानूस पुढं," असं ते म्हणत. पहिला महिना दापोडी-सांगवीकडून येणारी कामगारांची बस रोज उशिरा आली. मग बसवाल्यानं आपलं घड्याळ पुढे केलं, कॅन्टीनवाल्यानं केलं, हळूहळू सगळ्यांनीच केलं, आणि सगळेच पुढे गेल्यामुळं पुढे कोणीच राहिलं नाही. पण तोवर त्याला 'कंपनी टाइम' असं नाव पडलं होतं. एकदा नाव पडलेली गोष्ट आपल्याकडे काढून टाकता येत नाही, फार तर तिचा वर्धापनदिन करता येतो.

संगणक आले तेव्हा त्यांनाही कंपनी टाइम शिकवण्यात आला. सर्व्हर रूममध्ये इतर यंत्रांना वेळ वाटणारा एक सर्व्हर होता. हजेरीच्या पंचिंगची यंत्रं, कॅमेरे, मोठी प्रेस लाइन आणि तिचे रोबो, सगळे त्याला विचारून चालत. तो सगळ्यांना सारखंच खोटं सांगे. खोटं सगळ्यांनी मिळून एका सुरात बोललं की त्याला शिस्त म्हणतात.

हे नेटवर्क सांभाळायला होती विजयश्री. बाप लातूरकडून येऊन दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला राहिलेला, मुलगी इंजिनिअर झालेली. कामावर रुजू झाली त्याच दिवशी तिला नऊ मिनिटांचा फरक दिसला होता. पण नव्या सुनेनं मिठाची बरणी कुठं असावी हे सांगायचं नसतं, म्हणून ती बोलली नव्हती. मग तीही जुनी झाली.

मोटारी बनवणारी जी मोठी कंपनी सुभद्राचा बहुतेक माल उचलायची, तिच्याकडून एक दिवस मेल आला. यापुढे प्रत्येक पार्टचा जन्म कोणत्या क्षणी झाला हे कळलं पाहिजे, आणि तो क्षण जगाच्या घड्याळाशी जुळला पाहिजे. तपासायला माणसं येतील. नाही जुळलं, तर माल दुसरीकडून घेऊ.

अर्जुनरावांनी विजयश्रीला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा मॅडम. ही येळ बरोबर करायला किती येळ लागंल?"

"एक मिनिटही नाही, सर."

"आन् कुनाला न कळता?"

"एकदम मागे ओढली तर कळणारच. तीच नऊ मिनिटं सगळीकडे दोनदा येतील, यंत्रं गोंधळतील. दुसरा मार्ग आहे. सर्व्हरचं घड्याळ किंचित संथ करायचं. दिवसाला पाऊण मिनिट मागे पडेल. यंत्रांना कळत नाही आणि माणसांना त्याहून नाही. दोनेक आठवड्यांत बिनबोभाट खऱ्या वेळेवर येईल."

"म्हंजी केसानं गळा कापायचा!" अर्जुनराव खूश झाले. "आसंच करा. पोरांना कळलं की आमी इतकी वरसं पुढं व्हतो, तर युनियन डोक्यावर बसंल. झाकली मूठ झाकलेलीच बरी."

"नेटवर्कवर नाही असं एखादं घड्याळ आहे का कुठं, सर? ते तेवढं मागे राहील. म्हणजे पुढे राहील."

"समदं नेटवर्कवर हाय. नकाशात बघा की."

तिनं नकाशात पाहिलं. फाटकावरच्या भोंग्यापासून सर्व्हरपर्यंत हिरवी रेघ छान ठळक काढलेली होती. फाटक सर्व्हर रूमपासून लांब होतं आणि बाहेर ऊन रणरणत होतं. तिनं रेघेवर विश्वास ठेवला.

शेडच्या छतावर, टाक्यांच्या मधोमध, तिनं बशीएवढी अँटेना बसवून घेतली. उपग्रह वरून जाता-येता खरी वेळ सांगतात. विचारलं नाही तरी सांगतात. मग खाली येऊन तिनं सेटिंगमध्ये मोजक्या ओळी लिहिल्या: वेळ इथून घे, उडी कधीही मारू नको, सरकत जा. स्क्रीनवर फरकाचा आकडा दिसत होता. तो कमी होतोय हे बघायला तिला दुपारपर्यंत बसावं लागलं, इतका तो हळू हलत होता. तिला स्वतःचं कौतुक वाटलं. सातशे माणसांच्या पायाखालची सतरंजी ती ओढत होती आणि एकाचाही तोल जात नव्हता.

आठवडाभरानं नोटीस बोर्डावर मंजुषाची नोटीस लागली. मंजुषा एचआर सांभाळायची आणि नोटीस लिहिणं ही तिची एकमेव चैन होती. 'कामगारांमध्ये पाळी संपण्यापूर्वी निघून जाण्याची प्रवृत्ती बळावत असून, ही बाब कंपनीच्या संस्कृतीस शोभणारी नाही.'

"अगं, चढता आलेख आहे," जेवताना ती विजयश्रीला सांगू लागली. "आधी एक मिनिट लवकर, मग दोन, आता पाचवर गेलेत. आणि एकजण वेगळा सापडेल तर शपथ! सातशेच्या सातशे माणसं एकदम, एकाच मापानं आळशी होतायत. हा कट आहे, विजयश्री."

विजयश्रीच्या हातातला घास तिथंच राहिला.

सातशे माणसं एका मापानं आळशी होत नसतात. सातशे माणसं भोंग्यावर उठतात. भोंगा जर सर्व्हरला विचारून वाजत असता, तर तोही सगळ्यांबरोबर सरकला असता. ताट तसंच ठेवून ती फाटकाकडे निघाली. ऊन त्या दिवशीइतकंच होतं.

फाटकावर भिमाजी होता. अर्जुनरावांच्याच भावकीतला, शेड उभी राहिली त्या दिवसापासूनचा पहारेकरी.

"भिमाजीकाका, भोंगा आपोआप वाजतो ना?"

"व्हय तर. मी बटन दाबलं की आपोआप वाजतो."

"तुम्ही दाबता? पण ती वायर..."

"ती व्हय? उंदरांनी खाल्ली. बसवली त्याच वर्षी. वायरवाल्यांनी इचारलं, दुरुस्त करू का? म्हनलं, राहू द्या, आमी मेलो न्हाई अजून."

त्याच्या डोक्यावर भिंतीवर सुभद्राबाईंचं घड्याळ टिकटिकत होतं. भिमाजी ते मोबाइल बघून लावायचा. बरोबर नऊ मिनिटं पुढे. इतक्या वर्षांत अर्ध्या मिनिटाचीही चूक नाही, हे त्यानं न विचारता सांगितलं.

"काका, ते थोडं मागं घ्याल? रोज थोडं थोडं?"

भिमाजीनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं देवाच्या दुधात पाणी घाल म्हटलं. "म्हातारीचं घड्याळ हाय त्ये, बाई. शेठनी सांगावं, मग हात लावीन. तुमी कोन?"

परत येताना विजयश्रीनं स्वतःची समजूत घातली. फार तर काय होईल? हजेरीचा घोळ होईल. मंजुषा आणखी चार नोटिसा लिहील. घोळानं कोणी मरत नाही.

प्रेस शॉपच्या बोळात गोजाबाई भिंतीला टेकून बसली होती. कंत्राटी सफाईवाली; तिच्यासोबत छबूबाई, दोघी नणंद-भावजय. गोजाबाई लातूरजवळच्या औशाकडची निघाल्यापासून विजयश्री तिला मावशी म्हणायची.

"बरं झालं दिसलीस पोरी. तू मशिनीवाली हाईस ना? त्या खड्ड्यातल्या पट्ट्याला काय झालंय बग की."

प्रेस लाइनच्या खाली माणूसभर खोल खड्डा होता. वर पत्रा कापला की उरलेले धारदार तुकडे खड्ड्यात पडत आणि एक सरकता पट्टा ते बाहेर वाहून नेई. पट्ट्याच्या कडेला सांडलेलं रोज जेवणाच्या सुट्टीत या दोघी खाली उतरून काढायच्या.

"काय झालं पट्ट्याला?"

"निजंना झालाय! आधी कसं, भोंगा व्हायच्या आत गप पडलेला असायचा. आता भोंगा होतोय, आमी उतरतोय, आन् ह्यो आपला फिरायलाय. सुरवातीला दम खाऊस्तोवर थांबायचा. आता पान लावून, चघळून, थुकून झालं तरी फिरायलाय. वरून पत्रं पडायलेत खळाखळा. आमी कडंच्या कट्ट्यावर पाय आखडून बसतो, कोंबड्यावानी."

लाइन जेवणाच्या वेळेला आपोआप थांबत असे. सर्व्हरच्या वेळेनं. भोंग्यावर वरची माणसं हात धुऊन निघून जात, पण काम रोबो करत होते, आणि रोबोला भोंगा ऐकू येत नाही.

"मावशी, खाली उतरूच नका. पट्टा थांबल्यावर उतरा."

"अन् मुकादम? भोंगा झाला की वरडतोय, हितं काय बसलाव म्हणून. लाइनवाले जेवून यायच्या आत खड्डा साफ पायजे त्याला."

"मशीन चालू असताना उतरायचं नसतं, मावशी!"

गोजाबाई समजावल्यासारखं हसली. "भोंगा झाल्यावर मशीन चालायलंय, म्हंजी चूक मशीनची हाय ना, बाय? भोंगा थोरला हाय."

विजयश्री तशीच अर्जुनरावांकडे गेली. सगळं सांगितलं. अर्जुनरावांनी शांतपणे ऐकलं. ते मुळात शांत गृहस्थ होते.

"आता किती राहिलंय?"

"चार-पाच दिवसांत वेळ पूर्ण बरोबर होईल. पण सर, तेव्हा हे संपणार नाही. तेव्हा फरक पूर्ण नऊ मिनिटांचा होईल आणि कायमचा राहील. एक तर भोंगा मागे घ्या, नाही तर मी सर्व्हर आत्ता परत कंपनी टाइमवर नेते."

"आन् पाव्हणं आल्यावर त्यांना काय दावता? कपाळ?" अर्जुनराव म्हणाले. "आन् भोंगा कसा हलवू? त्या भोंग्यावर निम्मं गाव जेवतं. एका दिवसात नऊ मिनिटं हलला तर पोरगंसुद्धा इचारंल, का हो शेठ? पाव्हणं जाऊ द्या. मग बघू निवांत."

"तोवर त्या बायका?"

"त्यांचा बंदोबस्त करतो. मंजुषाला सांगतो."

बंदोबस्त दुसऱ्या दिवशी लागला. 'पट्टा पूर्णपणे बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय खड्ड्यात उतरू नये. उतरल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी संबंधित व्यक्तीची राहील.' सुंदर टायपिंग, दोन भाषांत. गोजाबाईला आणि छबूबाईला दोन्ही वाचता येत नव्हत्या, म्हणून मंजुषानं त्यांना ऑफिसात बोलावून, पंख्याखाली बसवून, कागदाखाली अंगठे घेतले. छबूबाईनं निळा अंगठा पदराला पुसला आणि विचारलं, "कायम करायलेत का आमाला?"

विजयश्री दारात उभी राहून ते बघत होती. तिच्या तेव्हा ध्यानात आलं की ही नोटीस बायकांनी वाचायची नव्हतीच. ती नंतर कोणीतरी वाचायची होती.

त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस ती स्वतः जेवणाच्या सुट्टीत खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. बायका यायच्या, ती आडवी व्हायची. मुकादम कुरकुरायचा, "मॅडम, तुमचं डिपार्टमेंट कुठलं, तुम्ही उभ्या कुठं?" छबूबाई चिडवायची, "ह्या पोरीला घरी सासू न्हाई वाटतं, आमच्यावर हौस फेडून घ्यायलीय." तिघी उभ्या राहायच्या, खाली पट्टा घरघरत राहायचा, आणि रोज कालच्यापेक्षा थोडा जास्त वेळ घरघरायचा. बाकीच्या पाळ्यांना कोण उभं राहत होतं, हा विचार ती बसमध्ये बसल्यावर करायची, आणि नाशिक फाट्याच्या आत मोबाइल काढायची.

पाहुणे आले त्या दिवशी तिला खड्ड्यापाशी जाता आलं नाही. ती पाहुण्यांबरोबरच होती. वेळेची जबाबदारी तिची होती ना. सकाळी तिनं मुकादमाला गाठलं होतं. तो म्हणाला, "आज तर मॅडम, नावच काढू नका. पाहुण्यांना खड्डा आरशासारखा दिसला पाहिजे, मोठ्या साहेबांचा हुकूम आहे." गोजाबाईनं मात्र शब्द दिला होता: उतरलो तरी कट्ट्यावर पाय वर घेऊन बसू, थांबल्याबिगर खाली पाय टेकणार नाही.

पाहुणे दोघे होते. थोरला पुण्याचाच, बारीक चष्म्याचा, कमी बोलणारा. प्रेस शॉपमधल्या स्क्रीनसमोर उभा राहून त्यानं आपलं मनगट स्क्रीनशेजारी धरलं. सेकंद काटा आणि स्क्रीनवरचा आकडा जोडीनं पावलं टाकत होते.

"व्वा," तो म्हणाला. "क्वचित बघायला मिळतं."

अर्जुनरावांची छाती दिसण्याइतकी रुंद झाली. आणि तेवढ्यात भोंगा झाला.

"हा कसला?"

"जेवनाचा," अर्जुनराव सवयीनं बोलून गेले.

पाहुण्यानं पुन्हा मनगट पाहिलं. "जेवणाला तर अजून अवकाश आहे."

"हां... फाटकावरचा मानूस जुना हाय आमचा. भूक लागली आसंल त्याला." सगळे हसले. मंजुषा जरा जास्त हसली.

पाहुण्यांच्या खांद्यावरून विजयश्रीला लाइनचं दुसरं टोक दिसत होतं. दोन नऊवारी, दोन खराटे. गोजाबाई आधी उतरली, मग छबूबाई. विजयश्रीपासून हातभर अंतरावर खांबाला लाइन थांबवायचं लाल बटण होतं. तिनं अर्जुनरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. माशी उडवावी इतकीच.

कट्ट्यावर बसल्या असतील, तिनं मनाशी म्हटलं. पाय वर घेतले असतील. इतके दिवस काही झालं नाही. थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे, लाइन आपली आपण थांबेल.

"मॅडम, अँटेनाचा सिग्नल गेला तर काय करता?" पाहुण्यानं विचारलं.

प्रश्न चांगला होता आणि तिला उत्तर येत होतं. ती सांगू लागली. सर्व्हरमध्ये स्वतःचा स्फटिक आहे, तो काही काळ वेळ धरून ठेवतो, त्याची चूक किती होते तेही मोजलेलं आहे. ती नीट, मुद्देसूद सांगत होती. पाहुणा मान डोलवत होता. आणि खालून पट्ट्याचा आवाज बदलला. ओरडणं वगैरे नाही. घरघर होती तिची गुरगुर झाली, गिरणीत जात्यात काही अडकलं की होते तशी. मग ती पुन्हा मोकळी झाली.

विजयश्रीनं लाल बटणावर पंजा मारला.

लाइन थांबली. इतक्या मोठ्या शेडमध्ये अशी शांतता कोणी ऐकलेली नव्हती.

सगळ्यांत आधी भानावर आले ते अर्जुनराव. "बघा," ते पाहुण्याला म्हणाले, आवाजात खरोखरची हळहळ होती, "ब्रेक व्हायच्या आधीच उतरल्या ह्या बाया. लेखी सांगून, अंगठा घेऊनसुद्धा. घड्याळ तर समोर हाय तुमच्या."

पाहुण्यानं घड्याळ पाहिलं, स्क्रीन पाहिली. दोन्हींचं एकमत होतं. ब्रेकला वेळ होता. त्यानं मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं.

खड्ड्याच्या तोंडाशी गोजाबाईचं डोकं वर आलं. पदर सुटलेला. तिनं वर नाही, मागे वळून खाली पाहिलं.

"छबे! ए छबे!" मग माणसांकडे वळून, "कुणीतरी उतरा की रं! बगत काय हुबारलाव!"

खड्ड्यात उतरायला परमिट लागतं, असं कोणीतरी हळूच म्हणालं. परमिटवर सही करणारा भोंग्याबरोबर जेवायला गेला होता. कोणीतरी त्याला फोन लावला. मंजुषा अर्जुनरावांकडे बघत होती, अर्जुनराव पाहुण्याकडे, पाहुणा आपल्या वहीकडे.

विजयश्री लाइनभोवतीची पिवळी रेघ ओलांडून धावली. तिनं गळ्यातलं ओळखपत्र ओढून काढलं, वाटेतच टाकलं, आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पायरी तेलानं बुळबुळीत होती. गोजाबाईनं तिचा दंड घट्ट धरला. आधार द्यायला धरला की अडवायला, कळत नव्हतं. खाली अंधारात, पत्र्यांच्या ढिगापलीकडून, कोणीतरी अगदी हळू, समजूतदार आवाजात विचारत होतं,

"थांबला का गं पट्टा?"